शुद्धीकरण कशाला म्हणावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन बातम्या आल्या होत्या. पहिलीत तेलशुद्धीकरण प्रकल्पाबद्दल एका लोकप्रतिनिधींचे विधान होते, दुसरीत एका शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातला पंप नादुरुस्त झाल्याचे वृत्त होते आणि तिसरीत औद्योगिक वसाहतीच्या ‘सांडपाणी शुद्धीकरण केंद्रा’तून खाडीत आलेल्या पाण्याविषयी मच्छीमारांची तक्रार होती. तिन्ही ठिकाणी होणारे काम वेगळे, तिथून बाहेर पडणारी वस्तू वेगळी आणि तिचा माणसाशी येणारा संबंधही वेगळा. तरी तिन्ही मथळ्यांत शब्द मात्र एकच होता. हा शब्द इतक्या सहजपणे सगळीकडे वापरला जाऊ नये, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रकल्प व्हावा की होऊ नये, या वादावर आमच्या राजापूर तालुक्यात पुष्कळ बोलून झाले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही.

मी एका लहान शहराच्या पाणीपुरवठा विभागात 31 वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे जलशुद्धीकरण केंद्रावर, म्हणजे आमच्या बोलण्यात ‘फिल्टर’वर, काढली. त्यामुळे शुद्धीकरण हा शब्द माझ्यासाठी कोशातला नाही. तो माझ्या कामाच्या ठिकाणी फाटकावरच्या पाटीवर होता. जूनमधला पहिला मोठा पाऊस पडला की जांभ्याच्या दरडींवरून वाहून आलेली माती नदीत उतरते आणि जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, वर येणारे पाणी दूध न घातलेल्या चहासारखे तांबडे दिसू लागते. अशा सकाळी आम्ही ते पाणी सहा काचपात्रांत भरून प्रत्येकात तुरटीचे द्रावण कमीजास्त मात्रेने घालत असू. आधी मिनिटभर जोरात ढवळायचे, मग पंधरा-वीस मिनिटे अगदी संथ ढवळायचे आणि त्यानंतर अर्धा तास पात्रांना हातही लावायचा नाही. हळूहळू पाण्यात भिजलेल्या साबुदाण्याएवढे मऊ पुंजके तयार होत, जड होऊन तळाशी बसत, आणि ज्या पात्रातले पाणी सर्वांत आधी निवळशंख होई त्यातली तुरटीची मात्रा ही त्या दिवसाची मात्रा ठरे. पुढे ते पाणी वाळूच्या थरातून जाई, त्यात क्लोरीन मिसळला जाई, आणि किमान अर्धा तास गेल्यानंतर आम्ही परीक्षानळीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग कितपत चढतो ते पाहत असू. ही ‘ओटी’ची परीक्षा गावोगावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांना तोंडपाठ आहे. शहराच्या टोकाच्या नळालासुद्धा लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे, हा आमचा दंडक होता.

एवढे सगळे करूनही आमच्या रजिस्टरमध्ये ‘शुद्ध’ असा शेरा कधीच लिहिला जात नसे. तिथे ‘पिण्यास योग्य’ असे लिहावे लागे. नोकरीत नवा असताना मी एकदा ‘पाणी शुद्ध आहे’ असे लिहिले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी ती ओळ खोडायला लावली आणि समजावले की शुद्ध पाणी हवे असेल तर ते प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करून मिळते. आपण देतो त्या पाण्यात क्षार असतात, असायलाही हवेत, आणि आपले काम ते पाणी माणसाने निर्धास्त प्यावे एवढ्या पातळीला आणण्याचे आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक पाहिले तर त्यातही हीच समज दिसते. विरघळलेले घटक लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर 2000पर्यंत चालतील. गढूळपणा 1 एककापर्यंत असावा, नाइलाज असेल तर 5पर्यंत. मानकात प्रत्येक घटकाला मर्यादा दिली आहे आणि ‘शुद्ध’ हा शब्द एकट्याने कुठेही निर्णय देत नाही. तरीही आमच्या केंद्राला जलशुद्धीकरण केंद्र म्हणणे मला मान्य आहे, कारण शब्द ऐकून माणसाच्या मनात जी अपेक्षा तयार होते ती तिथे पुरी होते. नळाखाली भांडे धरणाऱ्याची फसवणूक होत नाही.

आता तेलाकडे येतो. माझे मामा मुंबईत ट्रॉम्बे-माहुलच्या दोन रिफायनऱ्यांपैकी एकीत फिटर होते. तिथली पहिली रिफायनरी 1954 साली आणि दुसरी 1955 साली सुरू झाली, आणि कोकणातली पुष्कळ माणसे त्या काळात तिथे कामाला लागली. गणपतीला गावी आले की मामा आम्हा मुलांना सांगत, की तेल उकळायचे, वेगळे करायचे आणि जे जाड उरते ते तोडायचे. तेल शुद्ध करतो असे ते कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही. पुढे थोडे वाचन झाल्यावर लक्षात आले की त्यांच्या त्या तीन क्रियापदांत कारखान्याचे जवळजवळ सगळे काम आले होते.

कच्चे तेल हे हजारो निरनिराळ्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. ते आधी पाण्याने धुऊन त्यातले मीठ काढतात, मग भट्टीत साधारण 350 ते 370 अंश सेल्सियसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. ज्याचा उत्कलनबिंदू कमी ते वाफेच्या रूपात वर जाते आणि ज्याचा जास्त ते खाली राहते. अशा रीतीने माथ्यावर वायू, त्याखाली नाफ्था, मग रॉकेल, मग डिझेल आणि तळाला काळे दाट तेल असे थर वेगळे काढून घेता येतात. तळाचे तेल निर्वात मनोऱ्यात पुन्हा उकळतात, त्यातले जड रेणू उत्प्रेरकाच्या मदतीने तोडून हलके करतात, आणि ज्याचे पुढे काही होण्यासारखे नसते त्यातून आपल्या रस्त्यांचे डांबर निघते. काजूच्या बोंडूच्या रसाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातले मूळ तत्त्व चटकन समजेल. फरक एवढाच की इथे एका मनोऱ्यातून एकाच वेळी अनेक पदार्थ निघतात आणि त्यातला एकही पदार्थ रसायनशास्त्राच्या अर्थाने शुद्ध नसतो. पेट्रोलसुद्धा शेकडो घटकांचे मिश्रणच असते. अशा कामाला विभाजन म्हणता येईल, रूपांतर म्हणता येईल, प्रक्रिया तर नक्कीच म्हणता येईल. शुद्धीकरण हा त्यातला एक भाग आहे, आणि तो भाग महत्त्वाचा आहे हेही मी मान्य करतो. डिझेल-पेट्रोलमधले गंधक काढून टाकणे हे खरेखुरे शुद्धीकरण आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या वाहन-प्रदूषणाच्या मानकाच्या इंधनात दहा लाख भागांमागे 10 भागांपेक्षा जास्त गंधक चालत नाही, त्याआधीच्या टप्प्यात ही मर्यादा 50 होती. पण एका टप्प्याचे नाव सबंध कारखान्याला देणे म्हणजे भात झोडणे, वारवणे, भरडणे, कांडणे आणि शिजवणे या सगळ्याला ‘पाखडणे’ म्हणण्यासारखे आहे.

हे नाव आले कसे, याचाही थोडा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जमिनीतल्या तेलापासून दिव्याचे तेल बनवू लागले तेव्हा त्याचा वास आणि काळपटपणा घालवण्यासाठी त्याला गंधकाम्ल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया देत असत. दिव्यात घालायचे तेल स्वच्छ करायचे, एवढाच तेव्हा त्या उद्योगाचा मुख्य हेतू होता, आणि रिफायनरी हा शब्द साखर व धातू यांच्या कारखान्यांतून तिथे आला. साखरेच्या बाबतीत तो शब्द चपखल आहे, कारण रसातली मळी काढत काढत शेवटी एकच पदार्थ हाती येतो. तांब्याच्या बाबतीतही तसेच आहे. आसामात दिग्बोईची रिफायनरी 1901 साली सुरू झाली तेव्हाही तेलाच्या धंद्यात दिव्याच्या तेलालाच महत्त्व होते. मोटारी आल्या, पेट्रोल लागले, मग प्लॅस्टिकचा कच्चा माल लागला, कारखान्याचे काम पार बदलले आणि नाव तेच राहिले. इंग्रजी बोलणाऱ्याला ते खटकत नाही, कारण त्याला त्या शब्दात आता फक्त कारखाना ऐकू येतो. मराठीत मात्र आपण त्या जुन्या अर्थाचे भाषांतर करून ठेवले, आणि मराठी माणसाच्या कानाला ‘शुद्ध’ हा शब्द अजून जिवंत आहे.

तो किती जिवंत आहे हे मला आमच्या शेजारच्या एका आजींनी दाखवले. आमच्याच तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरी प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना 2019 साली रद्द झाली आणि काही वर्षांनी त्यासाठी बारसूच्या सड्याचे, म्हणजे कातळाच्या पठाराचे, नाव पुढे आले, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. दुपारी पडवीत बसून आजी अळसांद्याच्या शेंगा सोलत होत्या आणि मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. ‘तेलशुद्धीकरण प्रकल्प’ हे शब्द दोन-तीनदा आल्यावर त्यांनी हात थांबवले आणि विचारले, “भाऊ, शुद्धीकरण म्हंजे चांगलाच ना ओ? घाण असेल ती काढायची. मग नको कशाला म्हणतायत?” त्यांच्या मनात तेल म्हणजे खोबरेल, फार तर दुकानातले रिफाइंड तेल. जमिनीतून काढलेले, बोटीने दूर देशाहून आणलेले तेल इथे किनाऱ्यावर उतरवून उकळायचे आहे, हे त्या शब्दातून त्यांना कळण्यासारखे नव्हतेच. मी त्यांना मघाशी लिहिले तसे सांगितले. ते ऐकून त्या प्रकल्पाच्या विरोधात गेल्या की बाजूने, हे इथे गैरलागू आहे. वर्षाला 6 कोटी टन क्षमतेच्या म्हणून मांडल्या गेलेल्या एका प्रकल्पाविषयी ज्यांच्या दारात तो येणार होता त्या बाईंचे मत बातमी वाचून होण्याआधीच, त्याच्या नावाने अर्धे करून टाकले होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या प्रकल्पाला पुढे ‘ग्रीन रिफायनरी’ असेही म्हटले गेले. ते विशेषण कुणी तरी मुद्दाम जोडलेले आहे हे निदान ऐकणाऱ्याला कळते आणि तो हवे तर प्रश्न विचारू शकतो. ‘शुद्धीकरणा’त मात्र विशेषण नामाच्या पोटातच असते, म्हणून ते कुणाला दिसत नाही आणि त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही.

व्याकरणही हेच सांगते. शुद्धीकरणातला ‘द्धी’ दीर्घ का, हे शाळेत फार थोड्यांना शिकवले जाते. ‘शुद्ध’ या विशेषणाला ‘करण’ जोडताना संस्कृतातल्या च्वि प्रत्ययामुळे मधला स्वर ‘ई’ होतो आणि त्याचा अर्थ होतो, जे आधी तसे नव्हते ते तसे करणे. स्पष्टीकरण, एकीकरण, सबलीकरण हे शब्द याच घडणीचे आहेत. म्हणजे शुद्धीकरण म्हणताना आपण एका दमात दोन विधाने करतो: वस्तू आधी अशुद्ध होती आणि आता ती शुद्ध झाली आहे. (आपल्या त्या पानावर हा शब्द शुद्धीकरण, शुद्धिकरण आणि ‘शुध्दीकरण’ असा तीन प्रकारे छापला होता, पहिलेच रूप योग्य आहे, आणि तिसऱ्यात तर ‘द’ आणि ‘ध’ यांची जागाच बदलली आहे.) तेलाच्या बाबतीत मराठीने फार शहाणपणाने ‘कच्चे तेल’ असा शब्द रूढ केला आहे. कच्च्याचे पुढे पक्के होते, त्याचे शुद्ध होत नाही. कच्च्या कैरीला आपण अशुद्ध आंबा म्हणत नाही आणि अढीत घालून पिकवण्याला शुद्धीकरण म्हणत नाही.

तिसरी बातमी सांडपाण्याची होती आणि तिथे या शब्दाचा वापर मला सर्वांत जास्त खटकतो. लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा, तारापूर अशा कोकणपट्टीतल्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक केंद्रे आहेत. सरकारी कागदांत त्यांना बहुधा ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’ म्हणतात आणि ते बरोबर आहे. बातमीत येताना ‘प्रक्रिये’चे ‘शुद्धीकरण’ होते. अशा केंद्राकडून काय अपेक्षित असते ते आकड्यांत पाहावे. पाण्यातला सेंद्रिय मळ जिरवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो यावरून त्याची घाण मोजतात, त्याला बीओडी म्हणतात. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे आणि किनाऱ्यालगत समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी 100. ज्या नदीचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिता यावे, तिच्यासाठी हीच मर्यादा 2 आहे. म्हणजे केंद्राने आपले काम चोख केले, एकही नियम मोडला नाही, तरीही बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते आणि ते शुद्ध असावे अशी कायद्याचीही अपेक्षा नसते. ते सोडण्यास योग्य असते, जसे आमचे पाणी पिण्यास योग्य असे. मग बातमीने त्याला शुद्ध म्हणण्याचे कारण काय?

निवृत्तीनंतर एका नातेवाइकाकडे गेलो असताना मी एका खाडीच्या काठी उभा होतो. ओहोटीची वेळ होती. पाण्याच्या कडेला करड्या रंगाचा फेस साचला होता, चिखलात कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढणाऱ्या दोघी बायका होत्या आणि त्यांच्यातली एक पायाला खोबरेल चोळत होती, कारण त्या चिखलात उतरले की पायाला खाज सुटते असे ती म्हणाली. वरच्या अंगाला औद्योगिक वसाहतीची वाहिनी येऊन मिळत होती आणि तिच्याजवळच्या गंजलेल्या पाटीवर ‘शुद्धीकरण केलेले पाणी’ अशी अक्षरे अजून वाचता येत होती. त्या बाईने मला विचारले नाही, मीच तिला विचारले, की या पाटीवर काय लिहिले आहे ते तुम्हाला माहीत आहे का. तिला वाचता येत होते. “लिवलाय शुद्ध,” ती म्हणाली, “पण कालवां नाय वाचत ना.” त्या दिवशी त्या पाण्यात नेमके काय होते हे नमुना घेतल्यावाचून सांगता येणार नाही, आणि मी आयुष्यभर नमुने तपासले असल्यामुळे तसे सांगणारही नाही. पण पाटीवरचा शब्द तिने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या आड उभा होता. तक्रार करायला गेले तर आधी त्या शब्दाशी भांडावे लागते, मग पाण्याचा विषय निघतो.

कोकणाला हा अनुभव नवा नाही. महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो सत्याग्रही चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सनातनी मंडळींनी 108 मातीच्या घागरींतून शेण, गोमूत्र, दूध आणि दही तळ्याच्या पाण्यात मिसळले, मंत्र म्हटले आणि तळ्याचे शुद्धीकरण झाल्याचे जाहीर केले. पाण्यात आयुष्य काढलेला माणूस म्हणून मी त्या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. माणसांनी ओंजळीने पाणी प्यायल्याने ते अशुद्ध झाले नव्हते. त्यात शेण मिसळल्याने ते झाले असणार. तरीही ज्या कृतीने पाणी घाण झाले तिलाच शुद्धीकरण हे नाव मिळाले, आणि ज्या माणसांना ते नाव अशुद्ध ठरवत होते त्यांचा अपमान त्या शब्दानेच पुरा केला. या शब्दात मोजमापाऐवजी निवाडा किती सहज शिरतो, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या प्रांतात सापडणार नाही. म्हणूनच तो उद्योगाच्या बातमीत सैलपणे वापरला गेलेला मला सोसवत नाही.

मग दुसरा कोणता शब्द वापरायचा, असे आपण विचाराल. हिंदीत तेलशोधक कारखाना म्हणतात. संस्कृतात ‘शोधन’ म्हणजे स्वच्छ करणे हे खरे, आणि वैद्यकीत धातूंचे शोधन आजही आहे, पण मराठी वाचक ‘तेलशोधन’ वाचून समुद्रात तेल शोधायला निघालेल्या जहाजाची कल्पना करील. परिभाषेत ‘परिष्करण’ असाही शब्द आढळतो. तो निर्दोष आहे, परंतु बाजारात, एसटीत किंवा ग्रामसभेत तो उच्चारलेला मी ऐकलेला नाही. लोक जो शब्द वापरतात तो रिफायनरी. बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही रिफायनरीच म्हणतात, गावच्या भिंतींवर तेच लिहिलेले असते आणि सड्यावर गुरे चारणाऱ्या मुलालाही तो माहीत आहे. परका शब्द कशाला, असा आक्षेप येईल याची मला कल्पना आहे. भाषाशुद्धीची मोठी चळवळ आमच्या रत्नागिरीतच रुजली आणि ‘महापौर’सारखे उत्तम शब्द तिने मराठीला दिले, त्याचा मला अभिमान आहे. पण याच उद्योगातून आलेल्या वस्तूंना मराठी माणसाने काय म्हटले ते आठवून पाहावे. ‘रॉक ऑइल’चे त्याने रॉकेल केले, ‘गॅस लाइट’चे घासलेट केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घासलेटाच्या चिमणीखाली अभ्यास केला. ते शब्द कुणाला परके वाटले नाहीत. रिफायनरी हा शब्दही त्याच वाटेने आला आहे आणि त्याच्यात एक गुण आहे, की तो कुणाची तारीफ करत नाही आणि कुणाची निंदाही करत नाही. मराठीच शब्द हवा असेल तर ‘खनिज तेल प्रक्रिया प्रकल्प’ म्हणावे. काजू प्रक्रिया, मासळी प्रक्रिया, फळप्रक्रिया हे शब्द कोकणात घरोघरी आहेत, त्यामुळे प्रक्रिया म्हणजे काय हे कुणाला शिकवावे लागणार नाही.

चांगले नाव कसे असते याचा एक नमुना मराठी वृत्तपत्रांतच आहे. मुंबईत मनोरी येथे समुद्राच्या पाण्यापासून दररोज 20 कोटी लिटर पाणी तयार करण्याच्या योजनेबद्दल लिहिताना बहुतेक ठिकाणी ‘समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प’ असे शब्द येतात. खारे पाणी गोडे होणार, एवढेच ते नाव सांगते आणि तेवढेच तिथे होणार असते. मचूळ पाण्याच्या विहिरीवर वाढलेल्या आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला तर हे नाव वाचताच चव कळते.

आणखी एक गोष्ट माझ्या नोकरीतून मी शिकलो, तीही इथे नोंदवतो. वाळूचा फिल्टर दर दिवसाआड उलट्या पाण्याने धुवावा लागे. त्यातून तांबड्या गाळाने भरलेले पाणी निघे आणि ते आम्ही मागच्या ओहोळात सोडत असू. त्या ओहोळाखाली एकाचा मळा होता. त्याने दोनदा येऊन विचारले, की तुमचे पाणी शुद्ध होते ते ठीक, माझ्या मळ्यात हे काय येते. त्याला देण्याजोगे उत्तर आमच्याकडे नव्हते. पुढे गाळ निवळण्यासाठी एक खड्डा खणला गेला, तो त्याच्या तिसऱ्या फेरीनंतर. कोणत्याही शुद्धीकरणात काही तरी काढले जाते आणि जे काढले ते कुठे तरी जाते. रिफायनरीत मीठ धुतलेले पाणी, तेलकट गाळ, वापरून झालेले उत्प्रेरक आणि काढलेले गंधक असते; सांडपाण्याच्या केंद्रात गाळ असतो. ‘शुद्धीकरण’ हे नाव उत्पादनाकडे तोंड करून उभे असते आणि उरलेल्याकडे त्याची पाठ असते. ‘प्रक्रिया’ म्हटले की ऐकणारा निदान विचारतो, की कसली, आणि त्यानंतर काय उरते.

म्हणून आपल्या संपादकीय विभागाला माझी विनंती आहे. जिथे बाहेर पडणारे पाणी लोक पिणार आहेत तिथे जलशुद्धीकरण केंद्र हा शब्द खुशाल ठेवावा, त्याला तो शोभतो. तेलाच्या कारखान्याला रिफायनरी किंवा खनिज तेल प्रक्रिया प्रकल्प म्हणावे. औद्योगिक सांडपाण्याच्या केंद्राला प्रक्रिया केंद्र म्हणावे, आणि त्यातले पाणी ‘शुद्ध करून सोडले’ असे कुणा अधिकाऱ्याने सांगितले तर ते अवतरणचिन्हात छापून त्याच वाक्यात त्या दिवशीचा बीओडीचा आकडा विचारून घालावा. आकडा मिळाला नाही तर मिळाला नाही असे लिहावे. बातमीदारांवर यामुळे फार मोठा बोजा पडेल असे मला वाटत नाही, कारण अशा तपासण्यांची नोंद ठेवणे केंद्रावर बंधनकारकच असते आणि आमच्यासारखे रजिस्टर तिथेही असते.

सोबत त्या दिवशीच्या पानाचे कात्रण जोडले आहे. त्यात तिन्ही ठिकाणचे शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केले आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
पाणीपुरवठा विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी